दवाखान्यामागचा धूर

बाबा,

तुमच्याविरुद्ध माझी एक तक्रार आहे आणि ती मी रीतसर, पूर्ण गांभीर्याने मांडतो आहे. बिडी पेटवून झाली की तुम्ही जळकी काडी परत पेटीत ठेवायचात. आई चुलीशी बसून एकामागून एक काळी डोकी घासायची आणि तुमचा उद्धार करायची. तो उद्धार मी पुढे संस्कृतात उतरवून पाहिला, पण देवभाषेला तो पेलला नाही. आज सकाळी निरांजन लावायला काडेपेटी उघडली तर पहिली काडी जळकी, तिच्याखालची जळकी, तळाशी एक धड निघाली तिने लगेच मान टाकली. तुम्हाला जाऊन चोवीसेक वर्षं झाली. मी साधी सुपारी खात नाही. तरीही माझ्या देवघरात जळक्या काड्या. पुनर्जन्म घ्यायचाच होता तर निदान शेजाऱ्यांकडे घ्यायचा होता, एवढंच माझं म्हणणं आहे.

तुमच्या बाजूनेही बोललं पाहिजे. तुम्ही क्षयरोगाच्या कामावर होतात, सायकलला पिशवी अडकवून घरोघर बेडक्याचे नमुने गोळा करत हिंडायचात, आणि दिवाळीनंतर आपल्याकडे कोणत्याही घरात शिरलं की आधी कापूस भेटतो, मग माणूस. माजघरात आढ्यापर्यंत कापूस, खाटेखाली कापूस, पाहुणा टेकून बसतो तोही कापसालाच. अशा घरात जळती काडी टाकणारा माणूस पुन्हा त्या गावात जाऊ शकत नाही. म्हणून तुम्ही काडी पेटीत ठेवायचात आणि बिडी चपलेखाली विझवून थोटूक खिशात टाकायचात. हे सगळं मला समजतं. पण ज्याने या काड्या पेटीत ठेवल्या तो फरशीच्या, पांढऱ्या भिंतींच्या इमारतीत काम करतो. तिथे बोळ्याएवढाच कापूस असतो. तुम्ही गेलात तेव्हा तो मांडीवर होता, तुम्हाला पाहून शिकला म्हणावं तर तेही नाही.

तुमचा नातू, बाबा. डॉक्टर झाला. यवतमाळला शिकला आणि बाँडची सक्तीची सरकारी नोकरी म्हणून आपल्याच तालुक्याच्या दवाखान्यात आला. पहिल्या दिवशी तुमची सून दारात उभी राहून त्याच्या स्कूटरकडे अशी पाहत होती की जणू पुष्पक विमान चाललं आहे. काडेपेटी तिनेच त्याच्या धुण्याला टाकलेल्या पँटच्या खिशातून काढून, ओली नको व्हायला म्हणून देवघरात ठेवली. तिला संशय आला नाही. लोडशेडिंगमुळे दवाखान्यात मेणबत्ती लावावी लागते, असं त्याने तिला आधीच सांगून ठेवलं आहे, आणि सध्याच्या दिवसांत या जिल्ह्यात त्या कारणावर अविश्वास दाखवणारा माणूस सापडणार नाही. मी मुकाट्याने सगळ्या जळक्या काड्या वेचून खिशात घातल्या. आईने तुमच्या बाबतीत धुरावरून अग्नीचं अनुमान कसं केलं होतं ते मला आठवतं. धुरावरून डोंगरावरचा अग्नी ओळखायचं न्यायशास्त्रातलं ते उदाहरण वर्गात सांगताना मला दरवेळी डोंगराऐवजी तुम्ही लपून बिडी ओढायचात ते आपलं न्हाणीघर दिसतं.

मला मात्र अनुमान करावं लागलं नाही. मी प्रत्यक्ष पाहिलं, तेही स्वतःच्या भाषणानंतर. तालुक्याच्या गावात संस्कृतच्या मास्तराला दोनच कामं असतात, लग्नपत्रिकेतले श्लोक तपासणं आणि कोणी मोठा पाहुणा आला नाही की अध्यक्ष होणं. पोळा होऊन थोडे दिवस झाले होते. दवाखान्याच्या आवारात तंबाखूमुक्तीचा कार्यक्रम होता, विषय होता आरोग्य कर्मचाऱ्यांनी धूम्रपान करावं का. करावं असं म्हणणारा अर्थातच कोणी नव्हता. ज्या गृहस्थांनी माझा परिचय करून दिला त्यांनी उठण्यापूर्वी तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा मंचामागे थुंकला आणि मग तंबाखू ही कीड आहे असं सांगितलं. मी अर्धा तास बोललो. ज्याच्या हाती दुसऱ्याचा श्वास आहे त्याने स्वतःचा श्वास मळवू नये, असं एक वाक्य मी आदल्या दिवशी तयार केलं होतं. नर्सिंगच्या मुलींनी ते वहीत उतरवून घेतलं. परोपदेशे पांडित्य म्हणतात ते मला अजून जमतं.

कार्यक्रम संपल्यावर मोकळं व्हायला म्हणून मी मागच्या बाजूला गेलो. पाण्याच्या टाकीपाशी तुमचा नातू उभा होता, पांढरा कोट घातलेला, तोंडात सिगारेट. शेजारी चाळिशीचा एक माणूस, खांद्यावर दुपट्टा, सदऱ्यावर फवारणीचे डाग. नातवाने त्याला सिगारेट दिली, पेटवून दिली, आणि काडी परत पेटीत ठेवली. ते पाहून मी टाकीआड थबकलो. सिगारेटपेक्षा मला त्या काडीचाच धक्का जास्त बसला. दोघांनी दोन-दोन झुरके मारले. मग तो माणूस जमिनीकडे पाहत बोलला.

"डाक्टर, त्याले चक्कर नाही आली. घेतलं त्यानं."

"कोणतं?"

"कपाशीवर मारतो थेच. पोलिसाच्या भेवानं डब्बा म्या नाल्यात फेकून देल्ला."

मग डब्याचं झाकण कोणत्या रंगाचं, वास कसा होता, किती वेळ झाला, हे सगळं नातवाने विचारलं आणि त्या माणसाने सांगितलं. सिगारेट अर्धी होती. ती तशीच टाकून तुमचा नातू आत धावला.

आत होता तो या माणसाचा धाकटा भाऊ. सकाळपासून घरचे सगळे एकच सांगत होते की उन्हात चक्कर आली. पोलीस केस होईल या धास्तीने सगळेच असं सांगतात. फवारणीच्या एका औषधावर अमुक इंजेक्शन लागतं, दुसऱ्याला ते देऊन उपयोग नसतो, आणि कोणतं प्यालाय ते कळेपर्यंत वेळ निघून जातो. त्याने का घेतलं हे मात्र कोणी विचारलं नाही. यंदा तो प्रश्न विचारायची पद्धत बंद झाली आहे. धाकटा वाचला. दोन-तीन दिवसांनी त्याने चहा मागितला आणि साखर कमी आहे म्हणून कुरकुर केली. कुरकुर करणारा पेशंट घरी जातो, असं तिथल्या सिस्टर सांगतात.

त्या दिवशी जेवताना मी विषय काढला. आडून काढला, म्हणजे माझ्या भाषणाबद्दल त्याचं मत विचारलं. तो भाकरी मोडत हसला आणि म्हणाला, भाषण छान होतं पप्पा, पण आजोबांची गोष्ट तर तुम्हीच सांगता ना.

सांगतो. पाहुणे आले की सांगतो. मी नागपूरला संस्कृत शिकत होतो आणि सुट्टीत आलो की तुम्ही मला सायकलवर मागे घेऊन निघायचात, हवापालट म्हणून. आर्णीच्या बाजारातून तुम्ही बिडीचा कट्टा घेता, पिशवीत बेडक्याच्या डब्यांशेजारी ठेवता, आणि आपण कुठल्यातरी अंगणात पोचतो. एक म्हातारा खाटेवर बसला आहे. महिनोन्‌महिने खोकतो, पण डबीत थुंक म्हटलं की नुसतं पाणी येतं. तुम्ही घाई करत नाही. पाऊस, बैल, कोणाची पोरगी कुठे दिली, हे सगळं होतं. मग दोन बिड्या निघतात, एक त्याला, एक तुम्हाला. दोन झुरके झाले की म्हाताऱ्याच्या छातीतून काहीतरी सुटतं, तो वाकून खोकतो, आणि तुम्ही डबी पुढे धरता. तेवढ्यात मी, ताजा ताजा पंडित, म्हणतो की काका, खोकला असताना बिडी पिऊ नये. म्हातारा डबी खाली ठेवतो. तो माझ्याकडे पाहतो आणि तुम्हाला विचारतो की हे कोणाचं पोरगं. तुम्ही सांगता, माहंच, नागपूरले संस्कृत शिकून राह्यलं. मग याले दवाखान्याच्या कामात कायले आणलं, असं विचारून तो उठून गोठ्याकडे जातो.

रस्त्याला लागल्यावर तुम्ही सायकल थांबवली होतीत. ओरडला नाहीत. "उपदेश आयकाले लोकं कीर्तनात जातात. मले बेडका पायजे. पुढच्या घरी तू चूप बस." त्या म्हाताऱ्याकडे तुम्ही नंतर एकटेच गेलात, बिडी घेऊनच. त्याच्या बेडक्यात जंतू सापडले, त्याचं औषध सुरू झालं, तो बरा झाला. तुमच्या तेरवीला तो जेवायला आला आणि फोटोपुढे त्याने बिडीचा कट्टा ठेवला. आई रडता रडता हसली. ही गोष्ट मी इतक्या जणांना सांगितली आहे की ती आता आमच्या घरची पोथी झाली आहे. आपल्या शास्त्रातही धूमपान सांगितलं आहे, त्यासाठी नळी किती लांब असावी तेसुद्धा सांगितलं आहे, हे मी एकदा तुमच्यासमोर बोलून गेलो. त्यानंतर आईशी वाद झाला की तुम्ही मला साक्षीदार म्हणून हाक मारायचात. तोही भाग मी गोष्टीत घालतो. लोक हसतात.

मावशीची गोष्ट मी सांगत नाही. तुम्हाला आठवते ना? फुलसावंगीकडची ती विधवा बाई, जिला जन्मात बिडीचा वास सहन होत नव्हता. बेडका निघेना म्हणून तुम्ही तिलाही दोन झुरके मारायला लावलेत. नमुना मिळाला, आपण निघालो. पुढच्या फेरीला मी पुन्हा तुमच्या मागे बसून आलो होतो. मावशीने आपल्याला ओट्यावर बसवलं, आत गेली, देवाच्या फळीवरून बिडीचा कट्टा घेऊन आली आणि हौसेने म्हणाली, "साहेब, तुमचं औषध दोनी टाइम घेतो मी. जेवल्यावर. खोकला मोकळा होते." दवाखान्याच्या माणसाने दिलं म्हणजे औषधच, आणि औषध म्हणजे दोन वेळा, जेवणानंतर. तिचं कुठे चुकलं होतं? लेकाला सांगून तिने कट्टा मागवला होता. जळक्या काड्याही तुमच्यासारख्याच पेटीत ठेवत होती, दाखवल्या तिने.

मी हसणार होतो, पण तुमच्याकडे पाहिलं आणि हसलो नाही. तुम्ही म्हणालात, मावशी, हे औषध आता बंद करा, दुसरं देतो. ती म्हणाली, काहून, चांगलं हाये न. तिच्या बेडक्यात जंतू निघाले होते, तेच सांगायला आपण गेलो होतो. तिला खऱ्या गोळ्या समजावून द्यायला तुम्हाला बराच वेळ लागला. परत येताना नाल्याच्या पुलावर तुम्ही उतरलात, कठड्यावर बसलात. तुमच्या दवाखान्याच्या कोटाच्या वरच्या खिशात बिड्या होत्या आणि तुम्ही हात तिकडे नेला नाही. नंतर म्हणालात, "आपण पेतो तवा आपणच पेत नसतो लेका. कोट पेते." मग आईला सांगू नको म्हणालात. त्यानंतर तुम्ही कोणत्याही रोग्याला बिडी दिली नाहीत. गुळण्या करायला लावायचात, दीर्घ श्वास घ्यायला लावायचात, तासन्‌तास बसायचात. स्वतःची मात्र सुटली नाही. शेवटच्या वर्षी तुमचाच बेडका तपासायला गेला, त्यात एकही जंतू नव्हता, आणि तुम्ही खोकत खोकत म्हणालात की पाय लेका, मी म्हटलंच होतं. जंतूची गरजच नव्हती, बाबा, बिडी पुरली.

तर नवरात्रात मी ठरवलं की नातवाला मावशीची गोष्ट सांगायची. तोवर त्याचं सगळंच बदललं होतं. आधी तो जेवताना दवाखान्यातलं सांगायचा, अगदी नको ते सांगायचा, तुमची सून कानावर हात ठेवायची. ते बंद झालं. घरी आला की हात धुवायचा, पुन्हा धुवायचा, आणि ताटावर बसून भाजीकडे पाहायचा. भाद्रपदात कधीतरी एका बाईला आणलं होतं, तिनेही फवारणीचंच घेतलं होतं. तिच्या सासऱ्याने टाकीपाशी येऊन सिगारेटच्या धुरात खरं सांगितलं, पण फार उशिरा सांगितलं, आणि सांगून झाल्यावर विचारलं की आता सांगितलं तर वाचल ना जी. हे मला त्याने सांगितलेलं नाही, सिस्टरांकडून कळलं. ती बाई गेली. फवारणी तर अजून चालूच आहे, घरोघरी तेच डबे आहेत. रोज कुठल्यातरी गावाहून जीप येते. आमची शाळा दवाखान्याच्या रस्त्यावर आहे, मी फळ्यावर धातुरूपं लिहीत असतो आणि जीपचा हॉर्न ऐकला की माझा खडू थांबतो. मुलं आता माझ्याआधी खिडकीकडे पाहतात.

अष्टमीच्या दिवशी मी डबा घेऊन गेलो, दिवस मावळायला आला होता. तो टाकीपाशी नव्हता. बंद पडलेल्या शवविच्छेदनाच्या खोलीमागे एकटाच ओढत उभा होता. तिकडे नातेवाईक फिरकत नाहीत. मी शेजारी उभा राहिलो आणि मावशीची गोष्ट सांगितली, देवाच्या फळीपासून पुलाच्या कठड्यापर्यंत. दोनी टाइम, जेवल्यावर, या वाक्याला तो हसला. कितीतरी दिवसांनी हसला, मला वाटलं जमलं. मग त्याने विचारलं, ती वाचली का? वाचली, मी म्हणालो, नातवंडं पाहिली तिने. मग ठीक आहे, म्हणाला, आणि दुसरी पेटवली.

मी म्हणालो, तुझं ते बोलतं करायचं कारण मला पटलं होतं, अध्यक्ष असूनही पटलं होतं, पण इथे तर तुझ्याशी बोलायला कोणीच नाही. त्याने एक झुरका घेतला.

"पप्पा, आत सगळे खोटं सांगतात. बाहेर आले की खरं सांगतात. आधी मी ते ऐकायलाच बाहेर यायचो." राख झटकत राहिला. "आता मले ते ऐकवत नाही."

मी विचारलं, मग बाहेर येतो कायले.

"आत राहवत नाही म्हणून."

एवढंच झालं. त्याला मी काय सांगायला हवं होतं ते तुम्ही असतात तर तुम्हालाच विचारलं असतं. माझ्याजवळ एक तयार वाक्य होतं, श्वासाचं, ते माझ्याच तोंडात कडू झालं. डबा त्याच्या हातात दिला, तुमच्या सुनेने साबुदाण्याची उसळ केली आहे म्हटलं आणि निघालो.

तेव्हापासून मी रोज संध्याकाळी फिरायला जातो. डॉक्टरांनी चालायला सांगितलं आहे असं घरी सांगितलं आहे. कोणत्या डॉक्टरांनी ते तुमच्या सुनेने विचारलेलं नाही. दवाखान्याच्या मागच्या भिंतीला लागून एक गल्ली आहे, तिथून त्या खोलीच्या पत्र्यावर धूर दिसतो. मी भाषणं करणारा माणूस, बाबा, आणि त्या गल्लीत उभा राहून धुराची वाट पाहतो. दिसला की तसाच मागे फिरतो. त्याला हाकही मारत नाही. घरी येऊन नीट जेवतो.

परवा धूर दिसला नाही. बराच वेळ उभा राहिलो, मग फाटकातून आत गेलो, गेलो म्हणजे पळालो, या वयात. सिस्टर म्हणाल्या साहेब खोलीत आहेत. तो खुर्चीवर बसला होता, समोर औषधांचं कपाट सताड उघडं, आणि तो आतल्या पेट्यांकडे पाहत होता. हात मांडीवर. मी दारात उभा आहे हे त्याला बऱ्याच वेळाने कळलं. काय करतो रे, विचारलं. म्हणाला, स्टॉक पाहून राह्यलो पप्पा. तसंच असेल. दसऱ्यानंतर स्टॉक पाहावा लागतोच. मी त्याला म्हटलं चल, बाहेर चल जरा, एक ओढ, मी थांबतो. त्याने माझ्याकडे चमत्कारिक नजरेने पाहिलं, आणि आला. मी त्याच्याशेजारी धुरात उभा राहिलो आणि आम्ही पावसाबद्दल बोललो.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. तुमचा पत्ता शास्त्रात दिलेला आहे पण त्या बाजूला टपाल जात नाही, आणि गेलं असतं तरी तुम्ही ते आईला वाचून दाखवलं असतं. आरोग्य कर्मचाऱ्यांनी धूम्रपान करावं का, तर करू नये. याबद्दल माझ्या मनात शंका नाही, तुम्हाला त्या पुलावर पाहिल्यापासून नाही. पण मला सिगारेटची भीती वाटत नाही, बाबा. त्या कपाटाची किल्ली त्याच्याजवळ असते, याची वाटते. तो तिथे बसून काय पाहत होता हे मला त्याला विचारायचं आहे. रोज ठरवून जातो. आणि विचारत नाही, कारण तो खरं सांगेल असं मला वाटतं.